नळीतून निघालेला स्लग थांबतो कुठे?

मार्चमध्ये काजूची बोंडं पडायला लागली की आमच्या गोव्यातल्या सत्तरीत भट्टीचा वास आणि रानडुकरांच्या तक्रारी एकदमच सुरू होतात. अशाच एका संध्याकाळी शेजारचा बागायतदार आला, सोप्यावर टेकला आणि आवाज जरा खाली घेऊन म्हणाला, "भाई, त्या एका गोळीच्या काडतुसांचं काय ते सांगा. छर्रे लागले तरी डुक्कर पळतोच. आणि परवा तर गवा रेडा पोफळीच्या कुळागरात शिरला होता. दोन-चार काडतुसं तुमच्या परवान्यावर…"

वाक्य त्याने मुद्दामच अर्धं सोडलं. माझ्या परवान्यावर घेतलेलं काडतूस दुसऱ्याच्या हातात देणं हा सरळ गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. पण त्या "एका गोळीच्या काडतुसा"बद्दल, म्हणजे स्लगबद्दल, आमच्याकडे इतके गैरसमज आहेत की एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की आणायची, एवढंच जिचं आयुष्य उरलंय, अशा बंदुकी आमच्या गावांत कितीतरी आहेत. ती बंदूक नेमकं काय करते, हे मालकालाही बरेचदा ठाऊक नसतं.

सुरुवात "बारा बोअर"पासून करू. बारा म्हणजे बारा काय? एक पौंड शिसं घ्या, त्याचे बारा सारखे गोळे करा. त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. हिशेबाने असा गोळा सुमारे ३७.८ ग्रॅमचा आणि नळी आतून सुमारे १८.५ मिलिमीटरची होते. वीस गोळे केले तर गोळा लहान, म्हणून वीस बोअरची नळी अरुंद, साधारण १५.६ मिलिमीटर. आकडा मोठा तर नळी लहान, हे ऐकून पुष्कळ जण गोंधळतात. कोळंबीच्या धंद्यातल्या माणसाला मात्र ते पटकन कळतं. किलोला वीस नग बसणारी कोळंबी मोठी, साठ बसणारी बारीक, तसंच हे. (चारशे दहा बोअर या हिशेबात बसत नाही. तो आकडा इंचाचा, म्हणजे ०.४१० इंच.)

आता काडतूस. बंदुकीच्या एका दुकानात उभं कापलेलं, दारू काढून टाकलेलं नमुन्याचं काडतूस पाहिलं होतं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. खाली पितळी बूड, त्याच्या मधोमध ठिणगी देणारी टोपी. तिच्यावर दारू. दारूवर बूच, पूर्वी लोकरीच्या नमद्याचं असायचं, आता प्लास्टिकचं असतं. बुचावर माल. हा "माल" काय आहे त्यावर काडतुसाचं नाव ठरतं. पाखरांसाठीच्या सहा नंबरात दोनशेहून अधिक बारीक छर्रे. मोठ्या छर्ऱ्यांच्या एसजीमध्ये वाटाण्याहून थोडे मोठे, सुमारे साडेआठ मिलिमीटरचे साधारण नऊ. आणि स्लगमध्ये शिशाचा एकच ठोकळा, बहुधा एक औंसाचा, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास. घरी काडतूस कापून बघायची हौस मात्र कोणी करू नये. टोपी जिवंत असते.

स्लग म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीने रायफल व्हायचा केलेला प्रयत्न. हे वाक्य मी शेजाऱ्यालाही सांगितलं, त्याला ते फारसं आवडलं नाही.

रायफलच्या नळीत आतून पीळदार आटे असतात. गोळी त्यातून फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. छर्ऱ्याच्या बंदुकीची नळी आतून काचेसारखी गुळगुळीत. त्यातून साधा गोल गोळा सोडला तर तो थोड्याच अंतरात भरकटतो. यावर जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेकेने १८९८ मध्ये एक तोड काढली: शिशाचा भरीव स्लग आणि त्याच्या पाठीला पक्का जोडलेला हलका बूच. १९३१ मध्ये अमेरिकेत कार्ल फॉस्टरने दुसरी काढली. त्याचा स्लग मागून पोकळ, अंगुस्तानासारखा, सगळं वजन पुढे. दोन्हींचं तत्त्व बॅडमिंटनच्या फुलासारखं. जड टोक पुढे, हलकी शेपटी मागे, त्यामुळे तो उलटत नाही.

या स्लगच्या अंगावर तिरप्या पन्हळी दिसतात. त्यामुळे तो गरगर फिरतो असं दुकानदारही छातीठोकपणे सांगतात. फिरतो, पण नावापुरता. पन्हळींचा खरा उपयोग वेगळाच आहे. नळीच्या तोंडाशी जिथे ती थोडी निमुळती असते, ज्याला चोक म्हणतात, तिथून जाताना शिशाला दबायला जागा मिळावी म्हणून त्या असतात. फुल चोकमध्ये हे निमुळतेपण जवळपास एक मिलिमीटर असतं. तिथून स्लग दाबून काढणं टाळावं, उघडा किंवा थोडासाच निमुळता चोक बरा. जुन्या दुनळीत बहुधा एक नळी कमी आणि एक जास्त निमुळती असते. कोणती कुठली हे मालकाला ठाऊक नसेल तर स्लगचं नावच काढू नये.

तिसरा प्रकार सॅबोचा: बारीक गोळी प्लास्टिकच्या झबल्यात घातलेली, झबलं नळीबाहेर गळून पडतं. तो आटे असलेल्या खास नळीसाठी. आपल्या गुळगुळीत नळीला त्याचा काही फायदा नाही, म्हणून पुढे जाऊ.

ताकदीचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे. एक औंसाचा पूर्ण ताकदीचा स्लग नळीतून सेकंदाला सुमारे ४८० मीटरने सुटतो. ऊर्जा भरते तीन हजार दोनशे जूलच्या आसपास. पोलिसांच्या कमरेच्या नऊ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी पाचशेच्या घरात असते. सहापट. मोटारीच्या दाराचा पत्रा त्याला अडवत नाही. मग एवढी ताकद हाताशी असताना जगभरचे पोलीस बहुतेक वेळा छर्रेच का भरतात? कारण ताकद हा प्रश्नाचा सोपा भाग आहे.

अवघड भाग म्हणजे अंतर आणि छर्ऱ्यांचा फैलाव. मोठ्या छर्ऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की एका यार्डाला ते एक इंच पसरतात. दहा यार्डांवर वीतभर. पंचवीस यार्डांवर पंचवीस इंच, म्हणजे माणसाच्या छातीहून रुंद. त्या अंतरावर नऊपैकी दोन-तीन छर्रे बाजूने निघून जाणार, आणि बाजूला कोण उभं आहे त्याची चौकशी ते करत नाहीत. इथे स्लगचा खरा उपयोग सुरू होतो. एकच गोळी, एकच भोक, त्यामुळे जबाबदारीही एकाच ठिकाणी. नळीच्या टोकावरच्या नेमाच्या साध्या माशीवर नेम धरून सरावलेला माणूस पन्नास यार्डांपर्यंत भरवशाने लावू शकतो, चांगली साइट असेल तर शंभरच्या जवळ. अमेरिकेत काही पोलीस दलं छर्ऱ्यांच्या जोडीला स्लग बाळगतात ती त्यासाठी: अंतर वाढलं, किंवा समोरचा मोटारीच्या आड गेला, तर. अलास्कात रानात काम करणारी माणसं अस्वलाच्या भीतीने ठेवतात. तिकडच्या काही राज्यांत हरणाच्या शिकारीला वर्षानुवर्षं रायफलला बंदी आणि स्लगला मुभा असा कायदा होता, कारण काय तर सपाट, दाट वस्तीच्या मुलखात स्लग लवकर खाली पडतो.

पडतो हे खरं आहे. पन्नास यार्डांवर जुळवलेला स्लग शंभरावर पाच-सहा इंच खाली लागतो, इतका त्याचा वेग झपाट्याने मरतो. पण त्या "सुरक्षित" समजुतीला २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका अभ्यासाने टाचणी लावली. बंदूक जवळजवळ आडवी धरून झाडली, तर जमिनीवर आपटून उसळलेला स्लग रायफलच्या गोळीपेक्षाही लांब जाऊ शकतो. रायफलची हलकी, वेगवान गोळी आपटल्यावर फुटते, आकार बिघडून तिचा जोर जातो. शिशाचा जड ठोकळा तसा मरत नाही. लहानपणी म्हादईच्या पात्रात चपटे दगड टप्पे खात नेले असतील त्याला हे वेगळं समजावायला नको.

आणि आमची जमीन कसली? जांभा दगडाची. वर दोन बोटं माती, खाली कातळ. डुक्कर जमिनीलगत चालतो, बंदूक आडवीच धरली जाते, रात्र असते, आणि काजूच्या रायीपलीकडे कोणाचं घर असतं. सहा नंबरचा बारीक छर्रा जास्तीत जास्त दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतो, तोही दमलेला. स्लगचा हिशेब शेकडो मीटरचा. बंदूक उचलण्याआधी विचारायचा प्रश्न "लागेल का" हा नसून "नाही लागला, किंवा लागून आरपार गेला, तर थांबेल कुठे" हा आहे. मागे मातीचा उंच बांध किंवा डोंगराचा उतार असेल तर उत्तर आहे. नसेल तर नाही. शिकारीच्या नादात माणसालाच डुक्कर समजून गोळी घातल्याच्या बातम्या आपण गोव्यात वाचलेल्या आहेत. छर्ऱ्याने जखमी होऊन वाचलेला माणूस स्लगने वाचेलच असं नाही.

घराच्या संरक्षणाचंही तसंच. रात्री दार फोडून कोणी आत आलं तर स्लग बरा की छर्रे, असं एका पुतण्याने मला व्हिडिओ दाखवून विचारलं होतं. व्हिडिओतली घरं लाकडी चौकटीवर पुठ्ठ्यासारखे बोर्ड ठोकलेली. त्यांच्या भिंती स्लग एकामागून एक भेदत जातो. आमची चिऱ्याची जाड भिंत वेगळी आहे, कबूल. पण घर म्हणजे नुसती भिंत नव्हे. खिडकी आहे, फळीचं दार आहे, पडवीचा पत्रा आहे, माळ्याची लाकडी तक्तपोशी आहे, आणि वाड्यावर दोन घरांमध्ये कधीकधी एक तुळशीवृंदावन मावेल एवढीच जागा. घरातलं अंतर पाच-सात मीटरचं. त्या अंतरावर मोठे छर्रेसुद्धा वीतभर जागेत जातात, म्हणजे स्लगचा जो एकमेव मोठा गुण, लांबवरचा नेमकेपणा, त्याचा इथे काही उपयोगच नाही. उरतो फक्त दोष, आरपार जाण्याचा. माझं मत विचाराल तर राहत्या घरात स्लग भरून ठेवण्यासारखं काही कारण नाही, आणि बंदूक भरून ठेवण्यासारखंही नाही.

कायदाही याच बाजूने बोलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यानची घरफोडी, जबरी चोरी, जीवाची रास्त भीती अशा प्रसंगी तो हक्क समोरच्याच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. पण कलम ३७ म्हणतं की पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेल्या स्लगला "गरज" कशी म्हणायची, हे कोर्टात वकिलाला फार कष्टाने सांगावं लागेल.

आता गव्याचं. गवा रेडा हा गोव्याचा राज्यप्राणी. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात. कुळागरात शिरला म्हणून त्याला मारता येत नाही, स्लगने नाही आणि कशानेच नाही. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. परवानगी आधी, बंदूक नंतर. पिकाच्या राखणीचा बंदूक परवाना म्हणजे शिकारीची परवानगी, ही आमच्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे.

गंमत अशी की शस्त्र कायद्याने, १९५९ च्या, शेतकऱ्यासाठी मुळात ठासणीचीच, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक डोळ्यांसमोर ठेवली आहे. कलम १३ वाचा: पिकाच्या राखणीला ठासणीची, आणि ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी गुळगुळीत नळीची. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची. माझ्या वडिलांकडे ठासणीचीच होती. बार भरायला इतका वेळ लागायचा की डुक्कर तोवर खाऊन, ढेकर देऊन परत जायचा. पण आवाज असा व्हायचा की पुढचे चार दिवस फिरकायचा नाही. राखणीचं नव्वद टक्के काम आवाजच करतो, हे वडिलांचं गणित मला अजून खोडून काढता आलेलं नाही.

सरावाकडे येतो, कारण स्लगचा मला पटलेला उपयोग तोच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेऊन त्याचं प्रमाणपत्र आणणं आलं. ते कागदापुरतं उरकणारे उरकतात. घाटावरच्या एका रेंजवर मी मात्र दोन दिवस नीट बसलो. पहिला दिवसभर खोट्या काडतुसांवर: बंदूक उघडून नळीतून उजेड बघणं, खांद्याला लावणं, चाप हळू ओढणं. माझ्याबरोबर एक तरुण होता, त्याला हे सगळं बायकी वाटत होतं. दुसऱ्या दिवशी हलक्या छर्ऱ्यांवर त्याचा हात बरा चालला. मग उस्तादांनी न सांगता त्याच्या नळीत एक खोटं काडतूस घातलं. त्याने चाप ओढला, बार झालाच नाही, आणि नळीचं तोंड सगळ्यांदेखत वीतभर खाली गेलं. धक्का येण्याआधीच खांदा त्याला घाबरून पुढे झुकला होता. छर्रे पसरतात, म्हणून ही चूक ते झाकून घेतात. स्लग झाकत नाही.

म्हणूनच शेवटी प्रत्येकाला तीनच स्लग मिळाले. त्याचा धक्का हलक्या काडतुसाच्या दीडपटीहून जास्त असतो. तिसऱ्यानंतर खांदा बोलायला लागतो आणि त्यापुढे माणूस नेम शिकत नाही, डोळे मिटायला शिकतो. कमी धक्क्याचे, सेकंदाला ३६५ मीटरच्या आसपास वेगाचे स्लगही असतात. सरावाला ते उत्तम. आणि ही सगळी कसरत मागे उंच मातीचा बांध असलेल्या रेंजवरच. थाळ्या उडवून मारायच्या रेंजवर स्लग आणू देत नाहीत. तिथे चोवीस ग्रॅम बारीक छर्रे मोकळ्या मैदानात पडतील असा हिशेब करून जागा सोडलेली असते, पुढे बांध नसतो.

रेंजची बंदूक दुनळी होती. पन्नास यार्डांवर पांढरा कागद, मधे काळा ठिपका. उजव्या नळीचा स्लग ठिपक्याच्या खाली चार बोटं लागला. डावीचा, तोच नेम, तोच ठिपका, उजवीकडे हातभर. मला वाटलं मीच हललो. उस्तादांनी स्वतः मारून दाखवलं, तसंच. दुनळीच्या दोन नळ्या पुढे किंचित जवळ आणून जोडलेल्या असतात. छर्ऱ्यांचे दोन्ही झोत एका अंतरावर एकमेकांवर पडावेत म्हणून ते जुळवलेलं असतं. स्लगचं वजन, वेग, धक्का सगळंच वेगळं, त्यामुळे तो जुळवणीचा हिशेब मानत नाही. प्रत्येक नळी, प्रत्येक जातीचं काडतूस कागदावर पाहिल्याशिवाय स्लग कुठे जाईल हे कोणीही सांगू शकत नाही, बंदूक बनवणारासुद्धा.

एक गोष्ट जुन्या घरांसाठी. माळ्यावर पोर्तुगीज काळातली बंदूक असेल आणि वारशाने परवाना झाला असेल, तर आधी कुशल कारागिराकडून तिची खोली मोजून घ्या. खोली म्हणजे काडतूस बसायची जागा. जुन्या बंदुकींची ६५ मिलिमीटरची असू शकते, आजची बरीचशी काडतुसं ७०ची. आणि फसगत अशी की ७०चं काडतूस ६५च्या खोलीत आरामात शिरतं, कारण डब्यावर लिहिलेली लांबी बार झाल्यावर तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. बार होताना ते तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसली, म्हणजे लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी असेल, तर तिला भिंतीवरच राहू द्या.

आणि पावसाळा. कागदी काडतुसं आमच्या हवेत फुगून नळीत शिरत नाहीत, हे जुन्या लोकांना पाठ आहे. प्लास्टिकची फुगत नाहीत, पण पितळी बुडावर हिरवट कळंक चढतो. श्रावणात डबा उघडून प्रत्येक काडतूस कोरड्या फडक्याने पुसायचं आणि शंका आली ते बाजूला काढून दुकानदाराला दाखवायचं.

शेजाऱ्याला यातलं निम्मं त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याने कोकमाचं सरबत संपवलं आणि विचारलं, "मग डुकरांचं काय?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे वाळपईला वनखात्यात नुकसानभरपाईचा अर्ज आणायला गेलो.